नापास करायची नोकरी

आमच्या घरात माझ्या नकाराला कधी फारसं वजन नव्हतं. म्हणजे मला कुणी छळत होतं असं समजू नका. माणसं चांगली आहेत, मायेची आहेत. पण निमगाव केतकीच्या आमच्या घरात एखादी गोष्ट ठरली की ठरली. डाळिंबाला कुठला बहर धरायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, पाहुण्यांना कधी बोलवायचं, सगळं मला रीतसर विचारलं जायचं. मी नको म्हटलं की सगळे गंभीरपणे माना डोलवायचे आणि मग जे व्हायचं तेच व्हायचं. अशा बाईला बारामतीच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, नाही म्हणायचा पगार मिळू लागला. ती नोकरी मला मानवली नसती तरच नवल.

शेड आमच्या चुलत सासऱ्यांची. घरात आणि शेडमध्ये सगळेच त्यांना आबा म्हणतात. आबांची उमेदीची वर्षं पुण्याकडच्या एका दारूगोळा कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर गेली. निवृत्ती घेऊन गावाकडे आले, पण शेतात त्यांचा जीव रमेना. त्यांनी बारामतीत जागा घेतली, लेथ बसवले आणि तोफगोळ्यांना लागणारा एक बारका सुटा भाग बनवून द्यायचं काम मिळवलं. गोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो, त्याच्या आत एक पितळी नळी असते आणि त्या नळीत एक पोलादी दांडी सरकते. आम्ही ती नळी आणि ती दांडी बनवायचो, बाकी काही नाही. दांडी नळीतून अलगद सरकली पाहिजे, पण तसूभरही डुगडुगता कामा नये. अख्खा गोळा कसा दिसतो हे शेडमध्ये आबा सोडून कुणीच पाहिलं नव्हतं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, पण लग्नानंतर ते कागद कपाटात गेले होते. एकदा आबा आमच्याकडे जेवायला आले. त्या दिवशी सुतार स्वयंपाकघरात नवं कपाट बसवत होता आणि मी त्याच्याशी हुज्जत घालत होते, की एक दार दुसऱ्यापेक्षा खाली आलंय. तो आपला एकच पालुपद लावून बसला होता, "चालतंय की वैनी." आबा ताटावरून उठले, हात न धुता दाराच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "वैनी, ही पोरगी मला द्या. हिच्या डोळ्याला ‘चालतंय की’ चालत न्हाय." सासूबाईंना वाटलं थट्टा चाललीय. पुढच्या सोमवारी मी बारामतीच्या एसटीत होते.

शेडच्या एका कोपऱ्यात काचेचं तावदान लावलेली खोली होती. ती माझी. टेबल, दिवा, मोजायची हत्यारं आणि पास-नापास ठरवायची गेजं. गेजाचं एक टोक नळीत शिरलं पाहिजे आणि दुसरं शिरता कामा नये, इतका सरळ हिशेब. शिरू नये ते शिरलं की नग नापास. माझ्यानंतर सरकारी तपासनीस यायचे, पण मी एकदा पाहिलेल्या मालात त्यांना खोट सापडली असं फार क्वचित झालं. हे मी मोठेपणा म्हणून सांगतेय, लपवत नाही.

शेडमध्ये आबांनी एक रिवाज पाडला होता. नापास नग ज्याने केला असेल, त्यानेच तो ऐरणीवर ठेवून हातोड्यानं ठेचायचा. नापास माल चुकून चांगल्यात मिसळू नये हे एक कारण. दुसरं आबा सांगत नसत, पण सगळ्यांना कळत होतं. आपल्या हातचा नग आपणच ठेचला की तो माणसाच्या लक्षात राहतो. लेथ चालवणारे काही टर्नर माझ्याकडे बघत बघत असा घाव घालायचे की ऐरणीवर नक्की कोण आहे असा प्रश्न पडावा. एकानं तर मला ‘हातोडावाली वैनी’ असं नावच ठेवलं होतं. मला त्याचा राग यायचा नाही. माझ्या एका शब्दावर धडधाकट माणूस हातोडा उचलतो, हे सुख मला दुसरीकडे कुठं मिळणार होतं?

मग ऑर्डरी आटू लागल्या. आधी वर्षाची ऑर्डर निम्म्यावर आली, मग ‘पुढील सूचनेपर्यंत’ हे दोन शब्द आले. आबांनी पुण्याला चकरा मारल्या. कळलं ते एवढंच, की संरक्षणाच्या खर्चाला कात्री लागलीय, या जुन्या बनावटीचे गोळे आता फारसे घ्यायचे नाहीत. ज्या साहेबांशी आबांची ओळख होती त्यांनी चहा पाजला आणि दुसरं काहीतरी बघा असा सल्ला दिला.

देशाला तोफगोळे कमी लागावेत ही खरं तर आनंदाची बातमी. शाळेत शांततेवर मी पानपानभर निबंध लिहिले होते आणि बक्षीसही घेतलं होतं. पण शांततेपायी आपल्या शेडचे लेथ थंड पडतील, हे त्या निबंधात कुठं नव्हतं. आमच्या भागाची प्रगती सांगायची तर लोक कालवा सांगतात, साखर कारखाने सांगतात, दूध सांगतात, एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांची फाटकं दाखवतात. ते सगळं खरंच आहे. पण त्या फाटकांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आमच्यासारख्या शेडी होत्या, त्यांना एकच गिऱ्हाईक होतं आणि ते दिल्लीत बसलेलं होतं. उसाचा भाव पडला तर रस्ता अडवता येतो. आम्ही काय मागणी घेऊन रस्त्यावर बसणार होतो, तोफगोळे वाढवा म्हणून?

लहान उद्योजकांसाठी एक मार्गदर्शनाची सभा झाली. आबांनी मला बरोबर नेलं. पुण्याहून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि हा भाग आता कशाचं तरी ‘हब’ होणार असं सांगितलं. कशाचं ते माझ्या नीट लक्षात राहिलं नाही, कारण ते दर चित्राला बदलत होतं. एका गिऱ्हाइकावर विसंबू नका, उत्पादनं बदला, आजूबाजूला काय लागतंय ते बघा, असं ते म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं. फक्त ते बोलणाऱ्याला संध्याकाळी पुण्याला परत जायचं होतं आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी शेड उघडायची होती. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "आजूबाजूला काय लागतंय? खुरपी लागत्यात, विळं लागत्यात. मी गोळ्याचं काम केल्यालं माणूस. आता खुरपी करत बसू व्हय?"

घरी सासूबाईंना शेडची हकिकत कळली तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला, पण तो दुःखाचा नव्हता. "बरं झालं बाई. बागंत माणूस मिळंना झालंय. तू घरी आलीस की डाळिंबाच्या पॅकिंगला माझं हात मोकळं." त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण शेड बंद पडली तर माझं काय होणार हे त्या एका वाक्यात सांगून झालं होतं. मी पुन्हा त्या घरात परतणार होते, जिथं माझ्या नकारावर माना डोलतात. टर्नर लोकांना दुसरीकडे कामं मिळाली असती, आबांना पेन्शन होती. माझी खोली मात्र मला परत कुठंच मिळणार नव्हती. मी त्या दिवसांत फार चिडचिडी झाले होते, भाजीला मीठ कमी पडलं तरी मला रडू यायचं.

वाट दाखवली माझ्या नणंदेनं, आणि तीही भांडायला आल्यासारखी येऊन. वन्संची वडगाव निंबाळकरला उसाच्या रोपांची रोपवाटिका आहे. पूर्वी उसाची अख्खी कांडी सरीत पुरायचे. आता बरेच जण कांडीवरचा नुसता डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो भाग, काढून घेतात, ट्रेमध्ये त्याचं रोप करतात आणि ते रोप शेतात लावतात. डोळा काढायला एक हातमशिन असतं. ऊस खाली धरायचा, दांडा ओढायचा, की वाकडं पातं खाली येऊन डोळा अलगद कापून काढतं. अलगद हे सांगायला. वन्संनी आपलं मशिन पिशवीतून काढून आबांच्या टेबलावर दणकन ठेवलं. "आबा, ह्याचं पातं इतकं हलतंय की निम्मं डोळं चेचून निघत्यात. चेचला डोळा उगवत न्हाय. तुमी तोफांची कामं करताय, एवढं नीट करून द्या की."

आबांनी दांडा धरून हलवला. तो गाडीच्या तुटक्या आरशासारखा लटलटत होता. त्यांच्या चेहऱ्यावर अशी किळस आली, जणू कुणी जेवणात केस दाखवलाय. "ह्याला मशिन म्हंत्यात?" ते म्हणाले. त्या दिवशी खुरप्याचा विषय संपला. ते मशिन सुधारायला म्हणून उघडलं आणि त्यांनी ते नव्यानंच करायला घेतलं. मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला पेढा दिला.

नवं मशिन म्हणजे आमचं जुनंच काम होतं, फक्त मोठ्या मापाचं. एक पितळी नळी, तिच्यात सरकणारा एक दांडा, दांड्याच्या टोकाला पातं. मग काय, सगळ्यांच्या हाताला जे वळण होतं तेच लागलं. दांडा आरशासारखा घासला, नळी आतून तशीच. शिल्लक होता म्हणून लष्करी हिरवा रंग मारला. मी गेज करून घेतलं आणि एकेक नग असा पारखला, जणू तो सीमेवर जाणार आहे. शेडमध्ये दोन-चार ऊस आणून चाचणी घेतली. डोळा असा स्वच्छ निघाला की टर्नरांनी टाळ्या वाजवल्या. दांडा नळीत घालताना हवा बाहेर पडल्याचा फुस्स असा आवाज यायचा. आबा म्हणाले, "ह्यात मुंगी शिरायची न्हाय." मी सगळी मशिनं पास केली.

पहिली खेप वन्संकडे गेली. पहिल्या दिवशी त्यांचा फोन आला तो नुसतं कौतुक करायला. रोपवाटिकेतल्या बायका खूश होत्या, एकही डोळा चेचला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. "वहिनी, तुमची तोफ बसली."

आबा आणि मी टेंपोतून वडगावला गेलो. मशिनं ओळीनं मांडलेली होती, झकपक हिरवी, आणि एकाचाही दांडा हलत नव्हता. आबांनी जोर लावला, मी लावला, मग दोघांनी मिळून लावला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "आबा, परवानगीचा कागुद लागतोय का वो हिला, दिल्लीहून?" दुसरीनं मोबाइल काढून आमचं झोंबणं टिपलं. तो व्हिडिओ ऊसवाल्यांच्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला ते मला नंतर कळलं. खाली लिहिलं होतं, तोफेला कुलूप. माझ्या माहेरच्या माणसांनीसुद्धा तो मला पाठवला, हसऱ्या तोंडांसह.

वन्संनी चुलीवरचं आधण ओतलं तसे दांडे सुटले. दिवसभर मशिनं छान चालली. आबा म्हणाले, रंग ओला राहिला असेल. पण मला ते पटेना, म्हणून मी त्या दिवशी वन्संकडेच मुक्काम केला. सकाळी बायका यायच्या आत मशिनांपाशी गेले. दांडे पुन्हा बसले होते. आणि नळीच्या तोंडाशी, जिथं मुंगी शिरणार नाही असं आबांनी सांगितलं होतं तिथं, मुंग्यांची रांग लागली होती. त्या आत शिरत नव्हत्या, कडेनं चाटत होत्या. मी बोट लावलं, चिकट लागलं. उसाचा रस दांड्यावरून ओघळत नळीत उतरत होता. काम चालू असेपर्यंत काही बिघडत नव्हतं. काम थांबलं की तो वाळायचा आणि काकवीचा डाग ताटाला धरतो तसा दांडा नळीला धरायचा. आम्ही जागाच इतकी कमी ठेवली होती की रसाला बाहेर पडायला वाट नव्हती. शेडमध्ये दोन-चार उसांवर आणि फडक्यानं पुसून घेतलेल्या चाचणीत हे दिसणार कसं?

मी तिथंच एका पालथ्या क्रेटवर बसले आणि मला हसू आलं, मग वाईट वाटलं. बारीक बसवायची कला आम्ही इतकी वर्षं घोटली होती, आणि शेतानं आम्हाला पहिल्याच रात्री सांगितलं होतं की ही कला इथं नको. आमचा माल ज्या जागी जायचा तिथं धूळ नव्हती, रस नव्हता, तो कोरडा ठणठणीत डबाबंद राहायचा. जिथं माती नाही अशा जागेसाठी काम करता करता आम्ही माती विसरलो होतो. आमचं गाव मातीतलं असून विसरलो होतो.

आबांना मी सांगितलं, "नळी सैल करायला पायजे, आबा. आत जागा ठेवू, खालनं मोकळी सोडू, म्हंजी रस गळून जाईल. डुगडुगू नये म्हणून नळी लांब करू."

"सैल?" आबा म्हणाले. "त्यापरीस त्या बायांना सांग, काम झाल्यावर मशिन धुवून ठिवत जा. बंदूक रोज पुसावी लागतीच की."

"सैनिकाला बंदूक पुसायचा पगार मिळतो. ह्या बायांना घरी जाऊन भाकरी थापायच्या असत्यात."

"मग वरनं झाकण बसवू. रबर बसवू. पण सैल करायचं न्हाय. सैल काम तर कुणीबी करतंय. मग आपुन कशाला?"

शेवटचा प्रश्न त्यांनी माझ्याकडे न बघता विचारला. तो प्रश्न माझाही होता. सैल काम तपासायला तपासनीस कशाला लागते? तरी मी हट्ट सोडला नाही. नवीन ड्रॉइंग केलं, नवीन मापाचं गेज एका टर्नरकडून करून घेतलं. आबा चार दिवस त्या कागदाकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी स्वतः लेथवर उभे राहिले. त्यांचा हात आता थरथरतो, पण लेथच्या चाकावर ठेवला की थांबतो. दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि टेबलावर एक नळी ठेवली. लांबी माझ्या ड्रॉइंगप्रमाणे होती. आतली जागा मात्र त्यांच्या मनाप्रमाणे, जुन्या मापाची. इतकं सुंदर काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आत दिव्याचा प्रकाश गोल गोल फिरत होता.

मी माझं गेज घेतलं आणि नळीला लावलं. ते शिरायला हवं होतं, शिरलं नाही.

शेडमधले लेथ एकेक करून थांबले. सगळ्यांचं लक्ष तावदानाकडे. आजवर मी ढिल्या कामाला नापास केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच एका कामाला ते गरजेपेक्षा चांगलं आहे म्हणून नापास करायचं होतं, आणि ते काम आबांच्या हातचं होतं. "आबा," मी म्हटलं, "न्हाय बसत."

मला वाटलं, आबा आता म्हणतील, उद्यापासून येऊ नको. त्यांनी नळी उचलली, ऐरणीपाशी गेले, हातोडा घेतला. एका घावात ठेचली नाही, दोन घातले. पितळ वाकल्याचा आवाज फार काही मोठा नसतो. मग ते ड्रॉइंग घेऊन लेथवर गेले आणि माझ्या मापाची नळी कापायला लागले. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले.

ती सैल मशिनं चालली. रस गळत राहिला, मुंग्या येत राहिल्या, दांडे सकाळी सुरळीत उठत राहिले. वन्संनी बायकांकडून नवा व्हिडिओ काढून घेतला आणि जिथं जिथं पहिला गेला होता तिथं तिथं धाडला. इंदापूर, बारामती, फलटण, तिकडून विचारणा येऊ लागल्या. गोळ्यांच्या दिवसांसारखी भरभराट काही नव्हती. एक टर्नर सोडून गेला, बाकीचे राहिले. लेथ तापायला लागले एवढं खरं.

आणि मग जे मला दिसत होतं ते झालं. नव्या मापात इतकी मोकळीक होती की टर्नर स्वतःच गेज लावून बघायचा आणि काम झालं. एक दिवस आबा माझ्या खोलीत आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "ही जागा आता रंग आन पात्यांचे खोके ठिवायला लागंल. तू आता विक्री बघ. टेंपोतनं फिर, लोकांना मशिन दाव. तुला बोलता येतंय."

त्यांना वाटत होतं ते मला बढती देतायत. मला वाटलं माझा हात कापला. विक्री म्हणजे हो म्हणायची नोकरी. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक शंकेला हो, सोपं आहे, हो, परवडतं, हो, टिकतं. शेड वाचावी म्हणून मीच नळी सैल करायला लावली आणि शेड वाचली, त्यातून माझीच जागा गेली. ज्या तालुक्याची प्रगती होते त्यातल्या प्रत्येकाची होतेच असं नाही, हे मला सभेतल्या रंगीत चित्रांनी सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग बरंच हाय की, उन्हातानात फिरण्यापरीस बाग बघ." मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलवली.

मी विक्रीला लागले. भिगवणकडे, डाळजकडे आठवड्यातून एकदा टेंपो जायचा. आबा सहसा येत नसत. त्या दिवशी आले, कारण त्या आठवड्यात एकही मशिन गेलं नव्हतं आणि ते अस्वस्थ होते. डाळजला रस्त्यालगतच्या एका वस्तीवर आम्हाला बोलावलं होतं. नवरा-बायको दोघंही मधल्या वयाचे, घासूनपुसून ठेवलेलं अंगण. टेंपोतून मशिन खाली उतरवून मी डोळा काढून दाखवला. बाईनं स्वतः दांडा ओढून पाहिला आणि तिला ते फार आवडलं. नवरा लगेच म्हणाला, "घेऊन टाकू. आज मशिन हितंच ठेवा."

आबांचा चेहरा खुलला. मी विचारलं, "उसाची लागण किती करणार?"

"आमची आपली दोन एकर."

"रोपं विकायची का?"

"न्हाय वो, आमच्यापुरती. तेवढं झालं की झालं."

दोन एकरांची रोपं काढायला थोडे दिवस लागतात. त्यानंतर ते मशिन पुढच्या लागणीपर्यंत गोठ्यात पडून राहणार होतं. पात्याला गंज चढणार होता. शेजारच्या गावात चांगली रोपवाटिका होती. हे सगळं मला माहीत होतं आणि आबांनाही माहीत होतं. मी आबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझा धीर झाला नसता.

"मशिन घेऊ नका," मी म्हटलं. "दोन एकराला तयार रोपं आणा. हे पडून राहील."

नवऱ्याला कळेना आपण काय ऐकतोय. मशिन विकायला आलेली बाई मशिन घेऊ नका म्हणतेय. तो आबांकडे वळला, कारण आबा वयानं मोठे, पुरुष आणि मालक. "काय वो आबा? मशिनमध्ये काय खोट हाय का?"

घरी अशा वेळी काय होतं ते मला पाठ होतं. आता आबा हसतील, तिचं काय मनावर घेताय म्हणतील, आणि मशिन तिथंच राहील.

आबांनी टोपी काढली, पुन्हा डोक्यावर घातली. "मशिनमध्ये कसलीच खोट न्हाय," ते म्हणाले. "पर ह्या आमच्या तपासनीस हायत. ह्यांनी पास केल्याशिवाय आमी माल देत न्हाय. आन आज ह्यांनी गिऱ्हाईक नापास केलंय."

बाई खळखळून हसली, मग तो नवराही हसला, आणि चहा ठेवायला ती आत गेली. आबा वाकले, मशिनचं एक टोक धरलं आणि मला म्हणाले, "धर तिकडनं. गाडीत घालू."